तीन बोटं जातात का तोंडात? जबड्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मान आणि खांद्याच्या दुखण्यावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ टाकली होती की मान दुखत असेल तर जरा जबडाही बघून घ्या, दोघं शेजारी आहेत. तर त्या एका ओळीवरच एवढी पत्रं आली, एवढे व्हॉट्सॲप आले की मान राहिली बाजूला. म्हणून यावेळचं सदर सगळं जबड्याचं. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढलीत. आणि आधीच सांगते, मी फिजिओ आहे, दाताची डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डेंटिस्टचं काम आहे तिथे मी सरळ त्यांच्याकडे पाठवणार, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी डिचोलीची, वय 34, प्राथमिक शाळेत शिकवते. वर्षभर तोंड उघडताना उजव्या कानापुढे खट् असा आवाज यायचा, दुखायचं नाही म्हणून लक्ष दिलं नाही. चवथीच्या आधी एके सकाळी उठले तर आवाज बंद, पण तोंडच उघडेना. आता जेमतेम दोन बोटं जातात, हनुवटी उजवीकडे ओढली जाते, वर्गात दोन तास बोललं की कानशील ठणकतं. आधी कान तपासला, कानात काही नाही. एके ठिकाणी एक्स-रे काढला, नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका म्हणाले. जाऊबाई म्हणतात जोर लावून उघड, सुटेल. मोबाईलवर बघून व्यायाम केले तर जास्तच दुखायला लागलं. नक्की कुठला व्यायाम करू?

बाई, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की अर्धं निदान पत्रातच झालं. आवाज बंद झाला ती सकाळ महत्त्वाची.

आधी एक करा, दोन्ही हातांची तर्जनी दोन्ही कानांच्या अगदी पुढे ठेवा आणि हळू तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी गोल फिरतं आणि मग पुढे सरकतं, तो तुमचा जबड्याचा सांधा. अंगातल्या बहुतेक सांध्यांपेक्षा हा वेगळा आहे, कारण तो आधी बिजागरीसारखा फिरतो, साधारण पहिले 20-25 मिलिमीटर, आणि त्यापुढचं तोंड उघडायला खालच्या हाडाचं टोक खोबणीतून बाहेर पुढे घसरावं लागतं. हाड आणि कवटीच्या मध्ये एक चकती असते, हाडाच्या टोकावर टोपी घातल्यासारखी. टोपी जरा पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना हाड उडी मारून तिच्याखाली शिरतं, तोच खट् आवाज. असा आवाज खूप जणांना येतो आणि दुखत नसेल, अडकत नसेल तर त्याला काहीच करावं लागत नाही, हे मुद्दाम सांगते कारण नुसत्या आवाजाला घाबरून येणारेही कमी नाहीत.

तुमच्या बाबतीत मला वाटतं टोपी पुढे गेली ती मागे यायचीच बंद झाली. दाराखाली पायपुसणं अडकलं की दार अर्धंच उघडतं ना, तसं. उजवा सांधा पुढे घसरत नाही, डावा घसरतो, म्हणून हनुवटी उजवीकडे वळते. आवाज गेला म्हणजे बरं झालं असं वाटतं पण ते उलट असतं. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, चकती दिसत नाही, ती एमआरआयमध्ये दिसते, म्हणून नॉर्मल रिपोर्ट खोटा नाही, पण त्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मिळत नाही. एमआरआय लगेच करायलाच हवा असं नाही, हाताने तपासून बरंच कळतं.

जाऊबाईंना सांगा, जोर अजिबात नको. पायपुसणं अडकलेलं दार लाथ मारून उघडलं तर काय होतं ते त्यांना माहीत असेल. मी हे पुस्तकातलं सांगत नाही. कॉलेजात असताना माझ्या जबड्यात असाच खटका होता आणि मी मैत्रिणींना तो वाजवून दाखवायचे, फर्माईश असली की दिवसातून वीसदा, आणि मग एका जत्रेत खाजें चावताना अडकला. खाजें तुम्हाला माहीतच आहे, जुनं असलं तर दगड. घाबरून मी रात्री आरशासमोर बोटांनी ओढून ओढून तोंड उघडलं आणि पुढचे दहा दिवस पेज पिऊन काढले. फिजिओ व्हायला निघालेली मुलगी, आणि अक्कल ही.

तर आता व्यायाम. पण त्याआधी मोजा, कारण मोजलं नाही तर महिन्याने सुधारलं की नाही यावर घरात नुसता वाद होतो. प्लास्टिकची पट्टी घ्या, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा, दुखायला लागेपर्यंत किती आणि ताणून किती, दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं, 35 च्या खाली गेलं की आम्ही कमी म्हणतो. पट्टी नसेल तर स्वतःचीच तीन बोटं उभी एकावर एक, तर्जनी, मधलं, अनामिका. नवऱ्याची बोटं घेऊ नका, जाड असतात. आणि आरशावर कुंकवाने किंवा स्केचपेनने एक उभी रेघ ओढा, नाकाच्या शेंड्यातून हनुवटीच्या मध्यावर येईल अशी, पुढचे सगळे व्यायाम त्या रेघेसमोर करायचे.

पहिला व्यायाम म्हणजे खरं तर काहीच न करणं. "नळ" म्हणायला सुरुवात करा आणि न वर थांबा, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला लागली ना, ती तिथेच राहू दे, ओठ अलगद मिटा, दात मात्र सुटे. ही जबड्याची बसायची जागा. दात एकमेकांना लागायचं काम फक्त चावताना आणि गिळताना, बाकी दिवसभर त्यांच्यात थोडी फट हवी. तुम्ही आता हे वाचताना दात आवळलेत का बघा. फळा पुसताना, वह्या तपासताना, पोरांवर डोळे वटारताना, दर तासाला घंटा झाली की एकदा बघायचं, दात सुटे आहेत का. हा व्यायाम लोकांना फुकटचा वाटतो आणि म्हणून करत नाहीत, आणि मला विचाराल तर निम्मा आराम याच्यातच आहे.

दुसरा, जीभ तशीच टाळूला ठेवून तोंड उघडायचं. जीभ सुटेल तिथे थांबायचं. जीभ टाळूला असली की जबडा फक्त फिरतो, घसरत नाही, आणि रेघ सोडून जात नाही. हनुवटी उजवीकडे पळाली की तिथेच थांबा, परत मिटा, परत सुरू करा, कमी उघडलं तरी चालेल पण सरळ उघडू दे. सहा वेळा, दिवसातून सहादा. हा सहाचा हिशोब चिलीचे फिजिओ मारियानो रोकाबादो यांच्या पद्धतीतला, त्यांचे सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहादा, आमच्या शिक्षणात सगळ्यांना पाठ असतात. त्यात मान आणि खांद्यांचेही आहेत आणि ते गाळू नका, हनुवटी आत ओढून मान सरळ उंच करायची, आपण फोटो काढताना दुहेरी हनुवटी दिसेल म्हणून जे करत नाही तेच, आणि खांदे मागे-खाली. मान पुढे काढून बसलं की खालचा जबडा मागे ओढला जातो, तुम्ही करून बघा, मान पुढे काढा आणि दात मिटा, मग सरळ बसा आणि मिटा, दात वेगळ्याच जागी लागतील.

तिसरा, अंगठा हनुवटीखाली ठेवून तोंड अगदी थोडं उघडायचा प्रयत्न करायचा आणि अंगठ्याने ते उघडू द्यायचं नाही, पाच-सहा सेकंद, मग सैल. जोर किती? पिकलेला टोमॅटो दाबाल आणि फुटणार नाही एवढाच. उघडणारे स्नायू कामाला लागले की मिटणारे आपोआप सैल पडतात, म्हणून हा ताण देण्याआधी करायचा.

आता ताण. आधी दहा-पंधरा मिनिटं गालाला आणि कानशिलाला गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलचा शेक, मग गालाचा जाड स्नायू, दात आवळल्यावर टम्म फुगतो तो, त्यावर दोन बोटांनी गोल गोल एक-दोन मिनिटं. मग अंगठा वरच्या पुढच्या दातांना, तर्जनी खालच्या दातांना, कात्रीसारखी बोटं उघडत हळू ताण द्या, ओढ लागली की थांबा, तिथे 20-30 सेकंद धरा, श्वास चालू राहू दे, असं तीन-चार वेळा. दिवसातून तीनदा पुरे. ओढ आणि दुखणं यातला फरक कसा ओळखायचा? व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शांत झालं तर ओढ होती. दुसऱ्या दिवशी तोंड कमी उघडलं तर तुम्ही जास्त केलंत, एक दिवस थांबा आणि मग निम्म्यावर या. मोबाईलवरच्या व्यायामाने तुमचं दुखणं वाढलं ते मला वाटतं याच्यामुळे, त्यात पहिलाच व्यायाम मोठ्ठा आ करायचा असतो.

आणि तुमच्यासाठी एक खास. उजवा सांधा पुढे घसरायला शिकवायचा तर जबडा डावीकडे न्यायचा. आईस्क्रीमच्या दोन काड्या एकत्र करून पुढच्या दातात हलक्या धरा आणि खालचा जबडा डावीकडे सरकवा, दोन सेकंद, परत मध्ये, दहा वेळा. मग तसाच सरळ पुढे. सुरुवातीला डावीकडे जाणारच नाही, राग येईल, रोज एक-दोन मिलिमीटर मिळाले तरी खूप.

हे सगळं एकदा तरी हात लावून शिकवणाऱ्या फिजिओकडून शिकून घ्या. अडकून फार दिवस झाले नसतील तर आम्ही ग्लोव्ह घालून अंगठा खालच्या दाढेवर ठेवून सांधा हळू खाली खेचतो, जितक्या लवकर याल तितकं सोपं. चकती परत जागेवर बसेलच असं वचन मी देत नाही, बऱ्याचदा बसत नाही, पण मागचा भाग हळूहळू तिचं काम करायला लागतो आणि काही महिन्यांत तोंड उघडतं, दुखणं जातं. 2023 साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाने जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी जी मार्गदर्शक सूत्रं छापली त्यात देखरेखीखालचे जबड्याचे आणि बसण्या-उभं राहण्याच्या ढबीचे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि मनावरचा ताण हाताळायची थेरपी, यांना जोरदार पाठिंबा आहे, आणि दातांची ठेवण कायमची बदलणारे उपाय किंवा चकती काढून टाकायचं ऑपरेशन, यांना जोरदार नकार. म्हणजे "टेन्शन घेऊ नका" म्हणणारे अगदीच चुकले नव्हते, फक्त तेवढं म्हणून पेशंटला घरी पाठवायचं नसतं. सहा आठवडे मनापासून करूनही पट्टीवर काही हललं नाही तर बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात ओरल सर्जरीच्या ओपीडीत दाखवा.

प्रश्न : आमचं फोंड्याकडे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. बाबा, वय 58, दिवसातून पाच-सहा वेळा सुपारी चघळतात, कधी विड्यात, कधी नुसती. तंबाखू नाही, गुटखा तर कधीच नाही. दोन वर्षांपासून तिखट लागलं की तोंड जळतं, आणि आता उंडो (गोल पाव) तोंडात घालताना तुकडे करून घालावे लागतात. जबड्याचे व्यायाम केले तर तोंड उघडेल का? ते म्हणतात घरची सुपारी आहे, तिने काय होतंय.

बाबांचा सांधा बहुधा ठीक आहे, त्यामुळे वरचे व्यायाम वाचून लगेच सुरू करू नका. तिखट झोंबतं आणि तोंड हळूहळू बंद होत चाललंय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आधी गालाच्या आतली कातडी बघायची. बॅटरी मारून बघा, आतून पांढरट, संगमरवरासारखी दिसते का, गालात बोट घालून चिमटीत धरलं तर उभे दोर लागतात का. सुपारीतल्या घटकांमुळे तिथे तंतू साठत जातात, गाल आतून चामड्यासारखा होतो आणि ताणतच नाही. 1952 साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये हा आजार पहिल्यांदा नीट नोंदवला गेला. गोव्यात गुटख्यावर बंदी येऊन बरीच वर्षं झाली, पण सुपारीला बंदी नाही आणि आपल्याकडे ती येईल असंही वाटत नाही, लग्नापासून देवकार्यापर्यंत सगळं तिच्यावर. घरची असो की बाजारची, सुपारी ती सुपारीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला, तंबाखूशिवाय सुद्धा, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. आणि बाबांना जो आजार असावा असं वाटतंय तो कॅन्सरच्या आधीची अवस्था मानतात, त्यामुळे हे दुखण्याचं नाही, तपासणीचं काम आहे, याच आठवड्यात ओरल सर्जनला दाखवा, आणि पुढे आयुष्यभर ठराविक महिन्यांनी दाखवत राहा.

व्यायामाचा उपयोग आहे, पण सुपारी बंद केल्याशिवाय नाही. एका हाताने गाठ मारायची, दुसऱ्याने सोडायची, असं किती दिवस करणार. बंद केली की आईस्क्रीमच्या काड्या कामाला येतात. पुढच्या दातांत नाही, एका बाजूच्या दाढांमध्ये जातील तेवढ्या एकावर एक ठेवा, काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते, मग मध्ये एक हळू सरकवा, ओढ लागेल, अर्धा-एक मिनिट धरा, मग दुसरी बाजू, दिवसातून पाच-सहा वेळा. शिवाय गाल फुग्यासारखे फुगवून धरायचे, शिट्टी वाजवायची, जीभ जितकी बाहेर येईल तितकी काढायची. किती काड्या गेल्या ते रोज लिहा. महिन्यात एक काडी वाढली तरी बाबांना शाबासकी द्या, आणि एक कमी झाली तर लपवू नका, परत डॉक्टरकडे. जे तंतू झाले ते पूर्ण विरघळत नाहीत, आपण आहे ते टिकवतो आणि थोडं मिळवतो.

कुळागर विकायची गरज नाही हो. पिकवा, विका, फक्त चघळू नका. आमच्या घरात आजोबांनी सुपारी सोडली तेव्हा बडीशेप आणि खोबऱ्याचा तुकडा खिशात ठेवायचे, अडकित्ता मात्र शेवटपर्यंत उशाशी होता.

प्रश्न : वय 63, डायबेटिस आहे. देवळाच्या पायऱ्या चढताना खालचा जबडा दोन्हीकडून दुखतो, छातीत काही नाही. जरा बसलं की पाच मिनिटांत जातं. चावताना दुखत नाही. कुठला व्यायाम करावा?

कुठलाही नाही. हे वाचून झालं की आजच डॉक्टरकडे जा आणि ईसीजी काढा, आणि नॉर्मल आला तरी पुढची तपासणी विचारा. चढताना दुखतं, बसल्यावर थांबतं आणि चावण्याशी संबंध नाही, हे जबड्याचं नसून हृदयाचं असू शकतं, डायबेटिस असला की छातीत न दुखता असं होतं. बसूनही थांबलं नाही, घाम आला, तर 108.

याच्या जवळचंच एक, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. चावताना जबडा दमतो, थांबलं की बरा वाटतो, सोबत कानशिलाची नवी डोकेदुखी, डोक्याला कंगवा लावला तरी दुखतं, असं असेल तर तो रक्तवाहिनीच्या सुजेचा आजार असू शकतो आणि त्यात डोळा जाऊ शकतो, त्याच दिवशी दाखवायचं.

प्रश्न : मी पेडण्याचा, आमच्या गावात जत्रेला नाटक असतं, मी गाण्याची भूमिका करतो. यंदा तालमीत तान घेताना तोंड उघडं ते उघडंच राहिलं, मिटेना. कॅज्युअल्टीत नेऊन बसवलं. त्यानंतर जांभई दिली तरी भीती वाटते. तोंड मोकळं करायचे व्यायाम सांगा, नाटक दीड महिन्यावर आलंय.

तुम्हाला तोंड मोकळं करायचं नाहीये, तुमचं गरजेपेक्षा मोकळं झालंय! वरच्या बाईंचा सांधा पुढे जात नाही, तुमचा पुढे जाऊन उंबरठ्यापलीकडे पडतो आणि परत चढत नाही. म्हणून त्यांचे ताणाचे व्यायाम तुम्ही चुकूनही करू नका. मी सदरात व्यायाम लिहायला घाबरते ते यासाठीच, एकाचं औषध दुसऱ्याचं विष.

निखळल्यापासून दोन-तीन आठवडे मऊ खाणं, मोठा घास नाही, आणि डॉक्टरने जे सांगितलं ते पाळा. जांभई आली की जीभ टाळूला चिकटवा किंवा मूठ हनुवटीखाली धरा, डोकं खाली वाकवा, जांभई बाहेर पडू दे पण तोंड उघडू देऊ नका. सुरुवातीला विनोदी दिसतं, तालमीत पोरं नक्कल करतील, करू देत. मग जीभ टाळूला ठेवून उघडायचा तो व्यायाम, तुमच्यासाठी तो मर्यादा शिकवतो. आणि हाताच्या विरुद्ध हलका जोर, हनुवटीखाली एकदा, डाव्या गालाला एकदा, उजव्या गालाला एकदा, प्रत्येकी सहा सेकंद, जबडा जागचा हलता कामा नये. याने सांध्याभोवतीचे स्नायू राखणदार होतात.

गाण्याचं म्हणाल तर तुमच्या गुरुजींनाच विचारा, पण मी चांगल्या गाणाऱ्यांकडे बघून एवढं सांगते की 'आ'कार लावायला जबडा खाली पाडावा लागत नाही, घसा आणि टाळू उघडतात, हनुवटी फार हलत नाही. आरशासमोर दोन बोटांच्या आत तान बसवा. तरी परत निखळलं तर स्वतः ठोसा मारून बसवायचा प्रयत्न करू नका आणि नटमंडळींनाही करू देऊ नका, डॉक्टर अंगठ्यांना गॉज गुंडाळून खालच्या दाढांवर ठेवतात, आधी खाली दाबतात मग मागे ढकलतात, त्यात कला आहे. वारंवार होत असेल तर सर्जनचा सल्ला.

प्रश्न : अक्कलदाढ काढून आठ दिवस झाले, टाके निघाले, पण तोंड दीड बोटच उघडतं. दाढ काढताना काही चुकलं असेल का? (मडगाव)

चुकलं असेलच असं नाही. खालची अक्कलदाढ बधिर करायला सुई जबड्याच्या मागच्या स्नायूंजवळ जाते, त्यात ऑपरेशनची सूज, तो स्नायू आवळून बसतो. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत सुटतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, बाहेरून शेक, बिनसाखरेचं च्युइंगगम थोडा वेळ, दर दोन तासांनी दहा वेळा सावकाश उघडझाप, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आईस्क्रीमच्या काड्या. मात्र ताप येत असेल, सूज वाढत असेल, गिळायला त्रास, तोंडाला घाण वास, तर शेक-बिक बंद आणि ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे त्याच दिवशी. आणि ज्यांना दाढ नाही, सांध्याचा त्रास नाही, पण गंजका खिळा किंवा शेतातली जखम झाल्यावर काही दिवसांनी दातखीळ बसायला लागली, मान ताठ झाली, त्यांनी फिजिओ शोधत बसू नये, तो धनुर्वात असू शकतो, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : पणजीत ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटर. सकाळी उठल्यावर गाल आखडलेले, बायको म्हणते झोपेत दात खातोस. नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, करून घेतला, चांगले पैसे गेले, दुखणं तेवढंच. मग व्यायाम करू की गार्डच बदलून घेऊ?

गार्ड दातांची झीज वाचवतो, ते काम तो करतोय, पण तो जबड्याला काही शिकवत नाही. तुम्ही रात्रीचं लिहिलंत, दिवसाचं कोण लिहिणार? माझ्याकडे येणाऱ्या दात खाणाऱ्यांपैकी बरेच जण स्कूटरवर पण दात खातात, एकेक खड्डा आला की कडकन. हेल्मेटच्या आत कोण बघतंय. लाल टिकल्यांचं एक पाकीट आणा, एक मॉनिटरच्या कोपऱ्याला, एक स्कूटरच्या आरशाला, एक नळाजवळ, टिकली दिसली की "नळ" मधला न, दात सुटे, खांदे खाली. झोपायच्या आधी शेक, गालावरून मसाज, आणि जीभ टाळूला ठेवून सहा वेळा उघडणं. कॉम्प्युटरची स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणा म्हणजे मान पुढे जाणार नाही. झोपेत घोरत असाल, दिवसा पेंग येत असेल तर ते डॉक्टरला वेगळं सांगा, झोपेतल्या श्वासाचा आणि दात खाण्याचा कधीकधी संबंध निघतो. महिनाभर टिकल्या लावून बघा, मग गार्डचं बोलू.

प्रश्न : जबडा दुखतो म्हणून सगळे मऊ खा म्हणतात. पण पोदेराची (पाववाल्याची) काकणां, ते बांगडीसारखे कडक पाव, बंद करायची म्हणजे आमची सकाळच गेली! किती दिवस?

ठणका असेल तोवर दोन आठवडे. तोपर्यंत चहात बुडवून खा, पण कडक भाग राहता कामा नये, आणि पुढच्या दातांनी तोडू नका, हाताने मोडून दाढेकडे द्या, दोन्हीकडे आलटून पालटून. कायमचं मऊ खाऊ नका, स्नायू सुस्तावतात. दुखणं कमी झालं की आधी पोळी, मग उंडो, मग कात्रे पावाची कड. काकणां सगळ्यात शेवटी.